सोडलेला फाळ

सावद्याहून दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, पितांबर राखणदार होता. परतताना गाडी आपल्या शेताजवळून जाऊ लागली की घरचं सामान दारातून खाली सोडायचं, ही राखणदारांची रीतच. स्टेशनापासून ओझं वाहायची हौस कोणाला? एरवी कपड्यांची गाठोडी असत. ती कुठे पडतात हे पितांबरने कधी वळून पाहिलं नाही.

१९२९ साली मात्र त्याने नांगराचा लोखंडी फाळ सोडला. थोरला भाऊ तोताराम दहा-बारा हात पुढे, रुळाला खेटून उभा होता. फाळ त्याच्या कपाळात बसला आणि तो जागीच गेला.

"फेकला तूनं," भावजय धुरपदाबाई म्हणाली. "मी डोयानं पाह्यलं."

पितांबरने मात्र उलटंच पाहिलं होतं. फाळ हातातून सरळ खाली गेला होता आणि पाय न हलवता भाऊच त्याच्यावर चालून आला होता. अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी डोळ्यांपुढे तसाच येत राहिला, अगदी जेवणाच्या ताटापर्यंत. गावाला काय, शेताच्या वाटणीचा वाद ठाऊक होता, मुद्दाम फेकला म्हणायला तेवढं पुरलं. वहिनीने एकदा खरं मानावं, एवढंच पितांबरला हवं होतं.

शेवटी त्याने फैजपूरच्या शाळेतल्या बन्सीलाल मास्तरांना गाठलं.

"दोघांचंही खरं आहे," मास्तर म्हणाले. "गाडीचा वेग फाळातही होता. तुम्ही त्याच वेगात होता, म्हणून तुम्हाला तो वेग दिसला नाही. बाई जमिनीवर उभ्या होत्या, त्यांना दिसला. एक उजेड तेवढा वेगळा. गाडीतून मोजा की जमिनीवरून, त्याचा वेग तोच."

"म्हणजे भांडण होणार नाही असं एक तरी आहे," पितांबर म्हणाला.

मास्तरांनी पितांबरला आणि धुरपदाबाईला गाडीत बसवलं. धावत्या डब्यात धुरपदाबाईने सुपारी सोडली. ती सरळ तिच्या पायाशी पडली. तिने पुन्हा सोडली, मग पुन्हा. बाहेर तिचंच शेत मागे पळत होतं.

"फेकला नाही तूनं," ती म्हणाली.

पितांबरला रडू फुटलं. तिचे डोळे कोरडेच होते.

"अकरा वरसं तुह्यावर राग धरून जगली मी. आता कोनावर धरू?"

पितांबरने डोळे पुसले.

"माह्यावरच राहू दे, वहिनी."