आरशापुढचा तास

शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या वर्गाने निरोपाच्या कार्यक्रमात आपल्या सगळ्या वर्षांचं नाटुकलं करायचं ठरवलं, तेव्हा विज्ञानाच्या सरांचं काम कोण करणार हा प्रश्नच नव्हता. सरांचा मुलगा त्याच वर्गात होता. अगदी सुरुवातीलाच पोरांनी त्याचं नाव 'छोटे सर' ठेवलं होतं. तो आला की गप्पा बंद पडायच्या, इथलं बोलणं घरी पोचेल म्हणून. ते मोडून काढायला त्याने एकदा मधल्या सुट्टीत बापाची नक्कल करून दाखवली. पोरं पोट धरधरून हसली, आणि तो त्यांच्यातला झाला.

नाटुकलं रंगलं. पहिल्या दिवशी भोकाड पसरलेला लंबू, प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळ्या, सहलीत हरवून एकमेकांवर रुसलेल्या दोघी, सगळं आठवून आठवून दाखवलं गेलं. मागे बसलेल्या आया हसता हसता डोळे टिपत होत्या. मग छोटे सर पँट वर ओढत आला, खडूवर फुंकर मारली, "लक्षात येतंय ना?" म्हणाला. लोक हसले, पण बेताचंच. हे सगळ्यांचं पाहून झालं होतं. मग तालमीत नव्हतं ते तो करून बसला. गालाला फेस लावल्यासारखं करून तो समोरच्या हवेत आरशात बघावं तसं बघू लागला.

"सर घरी दाढी करताना आजचा तास घेऊन बघतात," तो म्हणाला. मग बापाच्या आवाजात, "बायको म्हणते, तुम्हाला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. मी म्हटलं, म्हणून तर तुला हो म्हणालो." तो थांबला. आरशाला हळूच म्हणाला, "इथे हसतील." मग हात वर करून, "पुरे, पुरे."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. तो विनोद, ते मधेच थांबणं, ते 'पुरे, पुरे' वर्गाने भिंगांच्या तासाला ऐकलेलं होतं, आणि सरांना ते आयत्या वेळी सुचतं असंच सगळे समजत होते. पहिल्या रांगेत सरही हसले. बाकीच्यांचं हसू ओसरलं तरी त्यांच्या तोंडावर ते तसंच राहिलं, आवरायचं विसरल्यासारखं.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आवाज मागेपर्यंत पोचत होता तुझा."

आई भांडी विसळत होती. सर आत गेल्यावर ती म्हणाली, "ते आपल्या घरातलं होतं रे."

दुसऱ्या दिवसापासून दाढीच्या वेळी न्हाणीघरातून नुसता नळाचा आवाज येऊ लागला. परीक्षेआधीची उजळणी चालू होती. सर पुस्तक उघडून वाचत आणि मिटून जात. भिंगांचा धडा आला तसा वर्ग गालातल्या गालात हसत वाट बघू लागला. सरांनी पान उलटलं.

"इथे हसतील," मागून कुणीतरी कुजबुजलं.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते फळ्याकडे वळले आणि एक साधी आकृती कितीतरी वेळ काढत राहिले. लंबूने शाबासकी दिल्यासारखं छोट्या सरांना कोपराने ढोसलं. त्याने बाकावर झुकवलेली मान वर केली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

शेवटच्या तासाच्या सकाळी तो न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"बाबा, तो चष्म्याचा विनोद खरंच चांगला आहे."

"हं."

"पुढच्या वर्षीच्या मुलांना काहीच माहीत नाही."

नळ बंद झाला. "मी कुठे थांबतो ते तुला कसं कळलं?" आतून आवाज आला.

"रोज ऐकायचो. अंथरुणात पडल्या पडल्या. आवडायचं मला."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते बोलताना त्याची जीभ जड झाली. माफ करा म्हणायला तो आला होता, ते राहूनच गेलं.

सर टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. हनुवटीवर कापलं होतं.

"पाणी गरम आहे तोवर आंघोळ करून घे," ते म्हणाले, आणि तो दारातून बाजूला व्हायची वाट बघत उभे राहिले.