मागे उभी असलेली मादी

गेल्या वर्षी मी एका एल्कला जखमी करून गमावलं. हरणासाठीची हलकी गोळी घेऊन गेले होते. ती खांद्याच्या हाडावर आदळून तिथेच फुटली, आणि सांबरापेक्षाही थोराड हरणाचं ते जनावर तीन पायांवर लंगडत दरीत उतरलं. मी आणि माझी थोरली नणंद कोरीन दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत हिंडलो. सापडलं नाही. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

यंदा आयडाहोतल्या आमच्या डोंगरात एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला, तेव्हा त्यांनी घरी भरलेली काडतुसं माझ्यापुढे ठेवली.

"गोळी नुसत्या तांब्याची आहे. फुटत नाही, आरपार जाते. पण लिओना, गोळी चांगली आहे म्हणून वाटेल तशी झाडायची नाही."

"अजून टोमणे बाकी आहेत का, वन्सं?"

"वर्षभराचे साठलेत."

सप्टेंबर संपत आला होता. उजाडताना आम्ही कुरणाच्या कडेला गोठलेल्या गवतात पालथ्या पडलो होतो. झाडीतून आधी घरघर आली. ती चढत चढत बारीक किंकाळी झाली आणि आकाशात विरली. मग एक नर बाहेर आला. डोक्यावर जणू वठलेलं झाड, नाकपुड्यांतून वाफा, आणि भोवती सहा माद्या. अंतर दोनशे पावलं.

"तोंड आपल्याकडे आहे, थांब," वन्सं कुजबुजल्या.

तो वळला. पूर्ण कूस समोर आली. माझं बोट चापावर गेलं.

"त्याच्या मागे बघ."

त्याच्या पोटापलीकडे एका मादीचे कान हलत होते. माझी गोळी त्याच्यातून निघून तिच्यात शिरली असती. मी बोट काढलं.

मग कितीतरी वेळ आम्ही नुसत्या बघत राहिलो. त्याने शिंगांनी एक रोपटं झोडपून काढलं, चिखल अंगावर उडवून घेतला, पुन्हा हाक दिली. हातात बंदूक आहे हेच मी विसरले. मध्येच त्याने आमच्याकडे पाठ केली.

"मागून मारायचं नाही."

"कळतं हो मला."

"गेल्या वर्षीही कळत होतं."

मी गवतात तोंड खुपसून हसले.

अखेर ती मादी चरत खाली गेली. तो दोन पावलं चढावर आला, पुढचा पाय पुढे टाकून थांबला.

"मागे काय आहे?"

"नुसती माती."

"मग तुझं तू ठरव."

मी खांद्याच्या मागे, फुप्फुसावर नेम धरला आणि चाप ओढला. काही ऐकूच आलं नसावं तसा तो उभा राहिला. मग दहा-बारा पावलं चालला, गुडघे वाकले, आणि तो सावकाश खाली बसला. थोड्या वेळाने मान टेकली.

अर्ध्या तासाने आम्ही जवळ गेलो. मी मानेवर हात ठेवला. ऊन होती. डिंकाचा, चिखलाचा वास येत होता. वन्संनी टोपी काढली.

"केवढा होता गं," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत आम्ही मांस सोडवत होतो. एवढ्यात वरच्या धारेवरून तशीच हाक आली, आणि दरीपलीकडून दुसऱ्या नराने तिला उत्तर दिलं. आम्हा दोघींच्या सुऱ्या थांबल्या. कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हात घेऊन आम्ही उठून उभ्या राहिलो, आणि दोन्ही हाका थांबेपर्यंत तशाच ऐकत राहिलो.