यंदा एकही नाही

रस्ता एक, संस्था तीन, आणि तिघींनी एकमेकींचं तोंड न बघता बारा वर्षं काढली होती. विषय मात्र तिघींचा एकच. आईनं गरोदरपणी दारू घेतली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला जी इजा होते, ती. पहिली संस्था बायकांना भीती घालायची, म्हणजे त्या पिणार नाहीत. दुसरी अशा मुलांना तपासून निदानाचा कागद द्यायची. तिसरी त्यांच्या आईबापांना धीर द्यायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एका छपराखाली यावं. आल्या. पण दारावरच्या पाटीवर पहिलं नाव कुणाचं, यावर सात महिने घोडं अडलं. शेवटी पाटी गोल केली, कडेनं तिन्ही नावं लिहिली आणि दर चार महिन्यांनी ती थोडी फिरवायची असा ठराव झाला. तेव्हापासून आत येणारं प्रत्येक माणूस मान वाकडी करूनच येई.

आतली बसायची खोली तपासणाऱ्यांची, पण तिथली भिंत वाटणीत भीतीवाल्यांकडे गेलेली. त्यांनी भिंतभर चित्र लावलं. हातात पेला घेतलेली बाई, तिच्यामागे खाली मान घातलेलं मूल, आणि खाली वीतभर उंचीच्या अक्षरांत 'हे तुम्हीच केलंत'. या चित्राखालच्या बाकावर बसून आयांनी फॉर्म भरायचा. अकरावा प्रश्न असा, की गरोदरपणात दारू घेतली होती का? आता त्या अक्षरांखाली बसून 'हो' कोण लिहील? सगळ्या 'नाही'वर खूण करून मोकळ्या. चेहऱ्यावरच ठळक खुणा नसतील तर आईच्या 'हो'शिवाय डॉक्टर कागद देऊ शकत नाहीत, आणि तशा खुणांचं मूल वर्षभरात एकही आलं नव्हतं. कागद नाही म्हणून धीरवाल्यांकडे पाठवता येत नाही. धीरवाल्यांनी बारा खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या, त्यांवर वर्षभर फक्त धूळ बसली. वर्षअखेरीला निदान झालेल्या मुलांचा आकडा निघाला शून्य. दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं की कुठंतरी चुकतंय. या तिघींना वाटलं, आपण जिंकलो.

'नाही' लिहिणाऱ्यांत एक काजंबटणवाली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती दिवसभर शर्टांना काजं पाडायची आणि बटणं लावायची. तिची आठ वर्षांची लेक, घरातलं नाव भिंगरी. पोरगी गोड, पण काल शिकलेलं आज तिच्या डोक्यात नसायचं. बाकावरच्या शेजारणीचा डबा स्वतःच्या दप्तरात घालायची आणि विचारलं की खरंच बुचकळ्यात पडायची. शिक्षा केली की रडायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच करायची. मुख्याध्यापिका काही वाईट बाई नव्हती. तिनं सरळ सांगितलं, "डॉक्टरांचा कागद आणा, मी हिच्यासाठी वेगळी बाई मागवून घेते. कागद नसेल तर मला हा व्रात्यपणाच धरावा लागेल. शुक्रवारनंतर मग तिला ठेवता यायचं नाही."

भिंगरीच्या बाकीच्या तपासण्या मागेच झाल्या होत्या. राहिला होता तो अकरावा प्रश्न. त्याचं पुरतं खरं उत्तर दोघींनाच माहीत होतं, काजंबटणवालीला आणि तिच्या थोरल्या बहिणीला. दिवस गेल्याचं कळायच्या आधीचे तीन महिने ती नवऱ्याबरोबर रोज संध्याकाळी प्यायची. तिथवर गोष्ट सांगता येण्यासारखी होती. पण कळल्यावरही ती पाच-सहा वेळा प्यायली होती, आणि ते पाच-सहा पेले तिला आठ वर्षं गिळता येत नव्हते.

"ताई, कुठल्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली.

"याच तोंडानं. तेव्हा झालं ते झालं," थोरली म्हणाली. "आता गप्प बसलीस, तर पोरीची शाळाही तूच घालवलीस असं होईल."

थोरलीचं बोलणं नेहमीच असं, मलम लावताना आधी खरडून काढणारं. पण ते लागू पडलं. बुधवारी काजंबटणवालीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मान वाकडी करून त्या दारातून आत गेली.

आत लगीनघाई. चार वाजता वार्षिक समारंभ होता. हॉल भरलेला दिसावा म्हणून वर्षभरात येऊन गेलेल्या सगळ्या आयांना बोलावलं होतं, आणि त्या लवकर आल्या म्हणून त्यांना त्याच चित्राखाली बसवलं होतं. गळ्यात तीन रंगांची पट्टी घातलेला समन्वयक शिडीवर चढून फलक बांधत होता. फलकावर लिहिलं होतं, 'यंदा एकही नाही'.

"फॉर्म दुरुस्त करायचाय," ती त्याला म्हणाली.

"पत्ता बदललाय?"

"नाही. अकरावा प्रश्न."

समन्वयक शिडीवरून एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला. फलकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथं तिन्ही संस्थांचे प्रमुख भाषणांचा क्रम ठरवत बसले होते. समन्वयकानं सगळं सांगितलं आणि तो दार धरून उभा राहिला. दार उघडंच राहिलं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

"बाई, हे आजच आठवलं तुम्हाला?" भीतीवाल्यांच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात या. नवीन वर्ष लागतं तेव्हा."

"शाळेनं शुक्रवार सांगितलाय."

"शाळेला समजावून सांगा ना."

तपासणाऱ्यांचे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "तसं बघितलं तर हे आठ वर्षांपूर्वीचं. यंदाच्यात कशाला धरायचं? मागच्या एखाद्या अहवालात घालू."

"मागचे छापून झालेत," अध्यक्षीण बाई म्हणाल्या.

धीरवाल्या बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला. काजंबटणवाली रडत नव्हती. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "आमच्या गटात या, मन मोकळं करा. फक्त त्यासाठी कागद लागेल."

"तो कागदच मागायला आलेय मी," ती म्हणाली.

तिला कारखान्यातली गोष्ट आठवली. वरचं बटण चुकीच्या जागी लागलं की खालची सगळी चुकत जातात, आणि मग उसवून वरूनच सुरुवात करावी लागते. शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण शुक्रवार काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

"बाहेर तुम्ही लिहिलंय ना, हे तुम्हीच केलंत," ती म्हणाली, आणि कारखान्यात यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय असल्यानं जरा मोठ्यानंच म्हणाली. "हो. मीच केलं. कळायच्या आधीही प्यायले, कळल्यावरही प्यायले. आता पुढचं बोला."

पुढचं त्या भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिघांनाही ते येईना. अध्यक्षीण बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, धीरवाल्या बाईंनी रुमालांच्या डब्याकडे. शेवटी डॉक्टरांच्याच मानेवर लाली चढली. त्यांनी खिशातलं पेन काढलं, जुना फॉर्म मागवला, अकराव्या प्रश्नावरची खूण खोडली, शेजारी तिची सही घेतली आणि कागद लिहून दिला.

कागद घेऊन ती बाहेर आली तेव्हा बाकावरच्या आया तिच्याकडेच बघत होत्या. उघड्या दारातून सगळ्यांनी ऐकलं होतं. गणवेशातली एक कंडक्टरबाई उठली आणि समन्वयकाला हळूच म्हणाली, "तो फॉर्म दुरुस्त करता येतो का?"

चार वाजता समारंभ ठरल्याप्रमाणे झाला, कारण फलक छापून झाला होता. हॉलमध्ये अध्यक्षीण बाई 'एकही नाही' म्हणाल्या आणि पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा भिंतीपलीकडं डॉक्टर सातवा फॉर्म दुरुस्त करत होते. मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पुढच्या अहवालात छापून आलं की तिन्ही संस्थांच्या एकजुटीमुळे निदानात मोठी वाढ झाली. चित्र अजून तिथंच आहे. ते उतरवायचं तर तिघांच्या सह्या लागतात, आणि कुणाची आधी हे ठरायचंय.

शुक्रवारी मुख्याध्यापिकेनं कागद वाचला, दोनदा वाचला, आणि काही न विचारता फाइलला लावला. सोमवारपासून वेगळी बाई येणार होती.

"आई, मला वेगळी बाई का?" घरी येताना भिंगरीनं विचारलं.

डॉक्टरांपुढं बोलणं सोपं होतं असं आता तिला वाटलं. ती रस्त्याच्या कडेला थांबली. "तू पोटात होतीस ना, तेव्हा मी दारू प्यायचे. त्यानं तुझ्या डोक्याला त्रास झाला. म्हणून तुझ्या लक्षात राहत नाही. तू वाईट नाहीस. चूक माझी आहे."

भिंगरीनं विचार केला. "मला दुखलं होतं का?"

"मला माहीत नाही गं."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत पुढं गेली. काजंबटणवालीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. झालं एकदाचं, तिला वाटलं.

सोमवारी सकाळी ती भिंगरीची वेणी घालत होती. दप्तर भरलेलं, बूट पायात.

"आई," भिंगरी म्हणाली, "मला वेगळी बाई का?"

तिनं अर्धी वेणी तशीच सोडली, लेकीच्या समोर येऊन बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.