आवाज न करणारी गारी

तापातून उठल्यावर आमच्या ह्यांच्या, म्हणजे तोकुजींच्या, तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. त्या ‘कदाचित’वर ह्यांनी सुशीचं दुकान बंद करायचं ठरवून टाकलं. जागेचा मालक उद्या सकाळी किल्ली न्यायला येणार होता. तरी मी, दुकान उघडं असलं की दारावर टांगतात तो निळा पडदा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. का, ते मला विचारू नका.

बाजारात जूनमधलं कोवळं आलं दिसलं, गुलाबी कोंबांचं. दरवर्षी दुकानासाठी त्याचं लोणचं घालतो, या वर्षी घरापुरतं घालू म्हणून उचललं.

“कुणासाठी हा पसारा?” हे दारातूनच म्हणाले.

“माझ्यासाठी. माझं तोंड अजून शाबूत आहे.”

“ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, किनुए.”

मी चमच्याने सालं खरवडली, चकत्या केल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या आणि भांडायला वळले.

“जीभ गेली म्हणून हातही गेले का तुमचे?”

“भात न चाखता लोकांना वाढू? तीस वर्षांचं नाव घालवू?”

“मग उद्यापासून काय, घरी बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार?”

“ती तरी कशी ठेवू? चवच कळत नाही!”

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही. या सगळ्यात आलं आपलं उकळतंच राहिलं. मग घाईघाईने निथळलं, मीठ लावून पिळलं, वर गरम गोड सिरका ओतला. रंग मात्र झकास आला, फिका गुलाबी.

संध्याकाळी भाजलेल्या बांगड्याबरोबर थोडं ह्यांच्या पुढे ठेवलं. सवयीने एक चकती तोंडात गेली. चावता चावता हे थांबले.

“जास्त उकळलंस.”

“अहो, चव लागली?”

“चव कसली डोंबलाची! आवाज कुठाय?”

आमच्या धंद्यात या आल्याला गारी म्हणतात. दाताखाली ‘गारी-गारी’ वाजतं, म्हणून ते नाव.

“वाजतच नाही, तर हिला गारी कोण म्हणेल? चिंधी म्हण!” हे कडाडले. आजारपणानंतर पहिल्यांदाच असे चिडले होते. बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तरातरा उठले, डोक्याला फडकं बांधलं, उरलेलं आलं आणि स्वतःची सुरी घेतली. चकत्या अशा, की पलीकडचा दिवा दिसावा. पाण्यात टाकल्या, काढल्या. तेवढ्या वेळात मला तोंड उघडू दिलं नाही. बरणीतल्या सिरक्यात रंग चढल्यावर एक चकती माझ्या हातावर ठेवली.

“कशी आहे?”

“मीठ किंचित कमी.”

माझ्या शब्दावर ह्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. मग बरणी हलवत माझ्याकडे वळले.

“आणि भात?”

“तोही मीच चाखेन. इतकी वर्षं माझ्या जिभेच्या नावाने ओरडलात, आता तिच्यावरच दुकान चालवा.”

ह्यांनी दुसरी चकती माझ्या तोंडात घातली आणि कान माझ्या गालाशी आणला.

“चाव.”

मी चावली.

“ऐकू आलं?”

“आलं,” हे म्हणाले. “पडदा कुठे ठेवलायस?”