डुक्कर फियाटचा सूर

हर्षालीची गाडी येतेय हे महामार्गावरच्या धाबेवाल्यांना आधी कानांनी कळायचं. लांबून धडधडाट आला की ते कालचे रिकामे डबे बाहेर आणून ठेवायचे. गाडीतून उतरायची ती पदर खोचलेली, चष्मा लावलेली बाई आणि तिच्या कडक भाकऱ्या. नवखं गिऱ्हाईक तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहायचं.

गाडी म्हणजे जुनी, डुकरासारख्या गोल पाठीची डुक्कर फियाट. तिच्या सासऱ्यांनी, हिंमतरावांनी, हैदराबादेहून आणलेली. हिंमतरावांच्या हाती होती तोवर ती निवांत गाडी होती, लग्नाकार्यात मिरवायची. पुढं ती हर्षालीच्या नवऱ्याच्या, रणधीरच्या हाती आली आणि त्यानं तिला माणसात राहू दिलं नाही. मागची सीट काढून टाकली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा ठोकला, उलटली तर डोकं वाचावं म्हणून. सायलेन्सर आखूड केला, स्प्रिंगा कडक केल्या, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. दर दसऱ्याला सकाळी येणेगूरच्या रस्त्याला माळावर जुन्या गाड्यांची शर्यत लागते, त्यासाठी हा सगळा खटाटोप. बाकी वर्षभर तीच गाडी मुरुम ते उमरगा भाकऱ्या वाहायची. डबे पिंजऱ्याच्या नळ्यांना दोरीनं आवळले की खड्ड्यातसुद्धा भाकरी फुटायची नाही. रणधीरचं डोकं वाचवायची वेळ त्या पिंजऱ्यावर कधी आली नाही. तो पडला तो घरच्या ओट्यावर, सकाळी चप्पल घालताना.

उजवी बाजू गेली. वाचाही गेली, दोन-चार शब्द उरले, तेही ओढून काढावे लागत. तेव्हापासून गाडी हर्षालीच्या हातात आली. मागं डबे, शेजारी रणधीर. डबे धाब्यांवर द्यायचे आणि रणधीरला उमरग्यात व्यायामाला अर्पिता मॅडमकडं न्यायचं. मॅडम त्याच्या हातात रबरी चेंडू द्यायच्या आणि म्हणायच्या, "दाबा काका, दाबा." काका चेंडूकडं असे बघायचे, जसा काही तो चेंडू दुसऱ्याच कुणाचा हात सांभाळतोय.

श्रावणात एक दिवस तो गाडीत बसेना. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "मावशी, आत्ता खंड पडला तर जे आलंय तेही जाईल." हर्षालीनं विनवलं, रागावून बघितलं, धुरपदाबाईंनी, म्हणजे सासूनं, अंगारा लावून बघितला. रणधीर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

शेवटी हर्षाली त्याच्या खाटेवर बसली आणि भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "यंदा दसऱ्याला गाडी म्या पळवते. तुमी बघायला यायचं. आन गाडी पळाली तर दुसऱ्या दिवसापासनं गुमान मॅडमकडं यायचं. हाय कबूल?"

बऱ्याच वेळानं रणधीरनं तोंड इकडं वळवलं. "हं," म्हणाला.

एवढ्याशा हुंकारावर तिनं दसऱ्यापर्यंतचे दिवस काढले. तो उठेल की असाच भिंतीत मुरून जाईल, हे आता या एका सकाळवर येऊन थांबलं होतं, असं तिच्या मनानं घेतलं.

माळावर ती सरावाला जाऊ लागली. वळणं घ्यायला शिकली, धूळ खायला शिकली. पण गाडी दगा देत होती. वळणावर पाय दाबला की खोकायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. कारण हर्षालीला ठाऊक होतं. दोन कार्बोरेटर म्हणजे एका घरात दोन जावा. दोघींनी सारखाच श्वास घेतला तर घर चालतं. रणधीर दर रविवारी त्यांचा सूर जुळवायचा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. डोळे मिटून आतली सूं सूं ऐकायची आणि पेचकसानं स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं. हर्षालीनं एकदा ती नळी कानाला लावून बघितली होती. तिला समईत तेल संपल्यावर वात बोलते तसं काहीतरी ऐकू आलं. "कळलं?" त्यानं विचारलं होतं. "तुमच्या दोन्ही बायका भांडायल्यात," ती म्हणाली होती. केवढा हसला होता तेव्हा.

तो पडल्यापासून त्या स्क्रूंना कुणी हात लावला नव्हता. हर्षालीनं लावू दिला नव्हता. गाडी पेट्रोल प्यायला लागली, चढाला दमायला लागली, तरी नाही. नबीलाल मिस्त्री रणधीरचा लहानपणापासूनचा दोस्त. तो सुद्धा दर खेपेला विचारायचा आणि तिनं नको म्हटलं की सोडून द्यायचा.

अष्टमीला ती त्याच्या गॅरेजात ब्रेक बघून घ्यायला गेली, तेव्हा गाडी दारातच खोकून बंद पडली.

"वैनी," नबीलाल म्हणाला, "खरं बोलू? ही गाडी पैल्या वळणावर मरणार. समद्या माळादेखत. आन रणधीर बघत आसंल."

हर्षालीनं बॉनेटवर हात ठेवला.

"उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेत गेली की म्या हात लावत न्हाय, आमच्या उस्तादाचा दंडक हाय. जे करायचं ते आज."

"त्यांनी लावलेला सूर हाय तो, नबीलालभाई."

"हुता. आता कुठं ऱ्हायलाय? धुळीनं कवाच खाल्लाय त्याला."

रणधीर माळावर बसलाय आणि गाडी आचके देऊन थांबलीय, हे तिला डोळ्यांपुढं दिसलं. तो परत भिंतीकडं वळेल, आणि मग कायमचाच. ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. "करा," म्हणाली, आणि रस्त्यावरच्या शेळ्या बघत बसली.

नबीलालनं दोन्ही कार्बोरेटर खोलले, धुतले, फुंकले, परत बसवले, स्क्रू आपल्या अंदाजानं लावले. त्याला नळीबिळी लागत नव्हती. गाडी चालू झाली आणि हर्षालीच्या अंगावर काटा आला. इतकी गोड, इतकी एकसारखी ती कधीच वाजली नव्हती.

"पयल्यासारखं परत करता येतंय ना, लागलं तर?"

"पयल्यासारखं?" नबीलाल हसला. "ते कशाला करंल कुणी?"

घरी आली तेव्हा रणधीर आतल्या खोलीत झोपला होता, टीव्ही मोठ्यानं चालू होता. सांगू सांगू म्हणता राहून गेलं. उद्या सांगू, म्हणाली. सांगायचं नव्हतंच तिला. माळावर गाडी पळताना बघून तो खूश झाला की मग सांगितलं तरी चालेल, असा तिचा हिशेब.

खंडेनवमीला गाडी हलत नाही, भाकरीला सुट्टी. हर्षालीनं रणधीरची हत्यारं घासून पुसून पाटावर मांडली: पाने, पक्कड, ती रबरी नळी, लाकडी मुठीचा पेचकस. त्याच्या अंगठ्यानं त्या मुठीला खळगा पडला होता. तिनं त्यात हळदीचं बोट टेकवलं. धुरपदाबाईंनी झेंडूची फुलं वाहिली. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि मग रणधीर आपण होऊन काठी टेकत बाहेर आला. डाव्या हाताच्या बोटांनी त्यानं बॉनेटवर कुंकू लावलं. वाकडंतिकडं लागलं, ओघळ आला. तो ओघळाकडं बघून अर्ध्या तोंडानं हसला. दुपारी पुरणपोळी मागून घेऊन खाल्ली.

"उ... द्या," म्हणाला.

"व्हय, उद्या," हर्षाली म्हणाली आणि मोरीत जाऊन तिनं उगाच तोंड धुतलं.

दसऱ्याला सकाळी तिनं त्याला गाडीत बसवलं, धुरपदाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. हर्षालीनं गाडी चालू केली.

आधी त्याची मान ताठ झाली. मग तो कान देऊन ऐकू लागला. हर्षाली भराभर बोलत सुटली, की ऊन किती पडलंय, बंडप्पाची जीप यंदा पण आलीय म्हणतात, टोपी घेतली का. रणधीरनं डावा पंजा डॅशबोर्डवर आपटला.

"को... ण?"

तिनं गाडी बंद केली. अंगणात एकदम शांत झालं.

"नबीलालभाईंनी. परवा. लई खोकत होती, अहो. तुमच्यासाठीच केलं म्या."

तो तिच्याकडं बघत नव्हता, बॉनेटकडं बघत होता. उजव्या हातानं आयुष्यभर जे काही केलं, त्यातलं एवढंच तर जगात चालू स्थितीत उरलं होतं. खोकत का होईना, रोज सकाळी त्याचा हात वाजत होता. हे हर्षालीच्या आत्ता ध्यानात आलं, गाडी इतकी गोड वाजल्यावर. एवढी वर्षं संसार केला, शेकडो भाकऱ्या न मोडता पोचवल्या, आणि हे एवढं तिच्या हातून फुटलं.

रणधीरनं डावा हात वर करून हवेत पेचकस फिरवल्यासारखं केलं.

"आता न्हाय रं बाबा," धुरपदाबाई दारातून म्हणाल्या. "हत्यारं पूजेत हायती. सांजंला सोनं लुटून आल्याबिगर उठवायची न्हाईत. तुझ्या बापानं कधी उठवली न्हाईत."

हर्षाली घरात गेली. पाटापुढं क्षणभर उभी राहिली. मग तिनं फुलं बाजूला करून पेचकस आणि नळी उचलली.

"अगं पोरी!"

"आत्या, जे व्हायचं ते झालंय. अजून काय व्हायचं ऱ्हायलंय?"

बॉनेट उघडलं, गाडी चालू केली. नळीचं एक टोक हर्षालीनं त्याच्या कानात धरलं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. त्यानं डोळे मिटले. डाव्या हातातला पेचकस स्क्रूच्या खाचेवरून घसरला, परत लावला, परत घसरला. बसला तेव्हा एकदम जास्तच फिरला. गाडी हुंदका देऊन बंद पडली. तिनं परत चालू केली. ऐकणारा कान तोच होता, पण हात त्या कानाचं ऐकत नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. ती पदरानं पुसायला गेली, त्यानं पुसू दिला नाही.

शेवटी पेचकस हातातून निसटून खाली मातीत पडला. गाडी चालू होती, पण तो आवाज रणधीरचा नव्हता आणि नबीलालचाही नव्हता. दोन अनोळखी माणसं एका खोलीत आळीपाळीनं खोकावीत तसा तिसराच काहीतरी होता.

तिला वाटलं, आता तो आत जाईल. पण तो गाडीत जाऊन बसला, समोर बघत. शब्द दिला होता त्यानं. तिनं मातीतला पेचकस उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती निघाली.

माळावर गाडी पोचायच्या आधीच नबीलाल धावत आला. "वैनी! हे काय करून ठिवलं?" मग त्याचं लक्ष रणधीरकडं गेलं, आणि हळदीचा डाग पडलेल्या पेचकसाकडं. तो खिडकीशी वाकून हळू म्हणाला, "माझी हत्यारं पूजेत हायत. पर खिशात नाणं हाय, नाण्यानं बी स्क्रू फिरतो. दोन मिंटं द्या."

"नको."

"शेवटच्या याल, वैनी."

"येते की."

बंडप्पा आळंदच्या बाजूचा, माईकही त्याच्याच हातात. "बघा हो मंडळी, भाकरीवाल्या वैनी आल्या! वैनी, डबे उतरवले का? मागच्यांना वासानं भूक लागंल!" माळ हसला. हर्षालीही हसली, हसायची वेळ होती, तिनं ती पाळली.

रणधीरला बाभळीखाली खुर्चीत बसवलं आणि ती ओळीत जाऊन उभी राहिली.

पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. चालू केली. दुसऱ्या फेरीत बंडप्पाची जीप तिला वळसा घालून पुढं गेली, तिची धूळ बसेपर्यंत एक ॲम्बेसेडर. चढाला फियाट इतकी खोकली की कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बाकीच्या गाड्या थांबल्या, ड्रायव्हर उतरले, गळाभेटी झाल्या, तरी हर्षाली एकटीच गोल फिरत होती. जीपमधून उतरून परत हातात घेतलेला माईक बंडप्पानं खाली ठेवला. हसणंही थांबलं होतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

बाभळीजवळून जाताना तिनं बघितलं. रणधीरचे डोळे मिटलेले होते. तो शर्यत बघत नव्हता; ऐकत होता.

ती उतरून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. भुवयांवर धूळ, चष्म्यावर धूळ. त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. नाही. रागानं नाही, समजुतीनंही नाही. जसं तो पूर्वी रविवारी नळी कानातून काढून म्हणायचा, जमलं नाही अजून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो उमरग्याला आला नाही. गाडी पळाली तर येईन, असं ठरलं होतं, आणि गाडी काही पळाली नव्हती. हर्षालीनं विचारलंही नाही. डबे बांधून एकटीच गेली. शेजारच्या रिकाम्या सीटवर मग पुढं पुढं चटणीच्या बरण्या आल्या.

दिवाळी झाली, थंडी पडली. रणधीरच्या उजव्या हाताची बोटं आत वळत चाललीत, आता ती सरळ करताना तिलाही जोर लागतो. मॅडमचा फोन येतो. "थोडाफार व्यायाम करतात का घरी?" मॅडम विचारतात. "करतात," हर्षाली सांगते.

रोज दुपारी भाकऱ्या पोचवून आली की ती बॉनेट उघडते. रणधीर स्टुलावर बसतो, डाव्या हातात पेचकस. ती नळी धरते, आधी या तोंडाशी, मग त्या. कधी तासभर, कधी पेचकस पडेपर्यंत. सूर लागत नाही. लागेल असं तिला वाटतही नाही. गाडी रोज नव्यानं बिघडते आणि धाबेवाल्यांना आता लांबून आवाज ओळखू येत नाही. डबे आतच राहतात, हॉर्न वाजवावा लागतो.

नबीलाल रस्त्यात भेटला की नाणं दाखवतो. ती मान हलवून पुढं जाते.

सकाळी ती गाडी चालू करते आणि निघायच्या आधी ओट्याकडं बघते. रणधीर शाल घेऊन बसलेला असतो. जरा वेळ ऐकतो. मान हलवतो, नाही.

"बरं," हर्षाली म्हणते, आणि त्या दिवशीचा जो काही आवाज असेल तो घेऊन भाकऱ्या द्यायला निघते.