आप्पांचा घास

"आक्का, आज खीर हाय नव्हं? मग सुई थोडी जास्त लागंल," कल्याणी दंड पुढे करत म्हणाली.

ती माझी धाकटी जाऊ. तिला साखरेचा आजार. लढाईच्या दिवसांतही तिचे निपाणीचे वडील कुठून कुठून इन्सुलिनच्या बाटल्या मिळवून धाडत. ताटात भात किती, गोड किती, त्यावर औषध किती ओढायचं, हे बेळगावच्या डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. एक मात्र बजावलं होतं : सुई टोचली की जेवण लांबवायचं नाही, साखर उतरून जिवावर बेततं. पुढच्या सोप्यात पानं मांडलेली पाहूनच मी टोचली.

आज सासऱ्यांचा, आप्पांचा, पितृपक्षातला म्हाळ होता. कौलांवर ठेवलेल्या घासाला कावळा शिवेना.

"आत्या, हिला वाढू का?" मी सासूबाईंना हळूच विचारलं.

"आप्पांच्या आधी? कंग्राळीत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

चुलीपाशी बसलेल्या कल्याणीला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. मग ती काहीबाही बरळायला लागली, तशा सासूबाई ओरडल्या, "आप्पा आलं! अंगात आलं!"

पंगतीची माणसं सैपाकघराच्या दारात हात जोडून उभी राहिली.

"आप्पा, मळ्याची वाटणी कशी करायची?"

"म्हस गाभण ऱ्हाईल का, आप्पा?"

माणूस समोर विझत होतं आणि यांना म्हशीचं पडलं होतं. भरमू, कल्याणीचा लग्नाचा नवरा, हसत पुढे झाला. "आप्पास्नी तंबाखू लई आवडायची," म्हणत त्यानं मळलेली चिमूट तिच्या ओठांत कोंबली. तिच्या हनुवटीवरून पिवळी लाळ ओघळली.

मी नेमाची बाई. नैवेद्याआधी अन्नाचा वासही घेत नाही. खिरीच्या पातेल्यात मी पळी बुडवली.

"शिवू नको! म्हाळाची हाय ती!"

"मरंल ही, आत्या."

तिच्या तोंडात बोट घालून तंबाखू काढली आणि थेंब थेंब खीर सोडत राहिले. हळूहळू तिची नजर ठिकाणावर आली.

"जेवलं बगा आप्पा!" सासूबाईंनी त्या खरकट्या पळीला नमस्कार केला. माणसं समाधानानं पानांवर जाऊन बसली. ढेकर द्यायचे तेवढे राहिले होते.

"आक्का, काय बरळलो व्हय मी?"

"काय न्हाय. गप पड."

दाढेत अडकलेला तंबाखूचा चोथा तिनं बोटानं काढला, चमकून पाहिला, आणि खीर न्यायला आत आलेल्या नवऱ्याला दिसू नये म्हणून पदराच्या टोकात गुंडाळला.