मंगळ काढला

"दाजी, खरं सांगून राहिले का?"

कनेरगाव नाक्यावरच्या टपरीपुढे विश्वंभरचा चहाचा ग्लास तोंडाशी जाता जाता थांबला. समोर त्याच्या बहिणीचे यजमान व्यंकटराव उभे होते. जागरणाने डोळे तांबारलेले, पण चेहरा लग्नघरासारखा.

"खोटं कशाला बोलू? काल मंगळ काढला!"

"कुठं?"

"घरीच. गच्चीवर."

"अन् संगं कोण होतं?"

"कोण असणार? मी एकटाच. पयल्या डावाला हालला, हातचा गेला. मंग श्वास धरून बसलो. तव्हा बराबर सापडला."

विश्वंभरने ग्लास खाली ठेवून हातच जोडले. "एकट्यानं! मी तर ऐकलं, त्याला मोठमोठे जाणकार लागतेत."

"आवड लागते. बाकी काय न्हाई."

मराठी माणूस फोटो काढतो, काटा काढतो आणि दृष्टही काढतो. व्यंकटरावांनी मंगळाचा फोटो काढला होता. विश्वंभरने ऐकलं ते असं, की दाजींनी भाचीच्या पत्रिकेतला मंगळ काढून टाकला. उरलेला चहा तसाच सोडून त्याने मोटारसायकलला किक मारली. याला काहीतरी काम आठवलं असेल, असं व्यंकटरावांना वाटलं.

व्यंकटराव नाक्यावर जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देत. विहिरीवरची, बोअरवरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही मोटार आणा. हात मोकळा झाला की मात्र ते फोन काढत. साचलेल्या पाण्यावर ऑइल पसरलं की त्याचे रंग टिपत, उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान पालथं पडून टिपत. पुढे एका निवृत्त मास्तरांनी आपली जुनी दुर्बीण त्यांना देऊन टाकली. तिला फोन बसवायची पट्टी त्यांनी दुकानातच तयार केली आणि गडी आभाळात शिरला. चंद्रावरचे खड्डे आणि वाळल्या तळ्यातल्या गाळाच्या खपल्या असे दोन फोटो शेजारी धरून ते गिऱ्हाइकाला विचारत, "सांगा बरं, चंद्र कोणता?" गिऱ्हाईक विचारी, "माझी मोटार झाली का?"

घरातही त्यांचे फोटो कुणी धड पाहत नसे. घराला दुसरी काळजी होती. एकुलती प्रतीक्षा हिंगोलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर जायची. शिकलेली, कमावती, स्वभावाने गोड. पण पत्रिकेत मंगळ. स्थळं यायची, पोहे खायची, पत्रिका न्यायची आणि मंगळाला ठेचकाळून परत जायची. वसमतच्या संतोषचं स्थळ तेवढं जमेल असं वाटलं होतं. दोघं फोनवर बोलली होती, बोलताना प्रतीक्षा हसली होती आणि ते हसणं आईने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मग तीही पत्रिका परत आली. तेव्हापासून घरात तो विषय कुणी काढत नव्हतं.

विश्वंभर त्या दिवशी थेट वसमतला पोचला होता. रविवारी येतो, असा पाहुण्यांचा निरोप आला, तेव्हा कुठे सगळा घोटाळा व्यंकटरावांच्या ध्यानात आला.

"अगं, मी फोटो काढला! तो लेकाचा काय समजला!"

त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, आधी दार लोटून घेतलं. "गप ऱ्हावा. तुमी मंगळ काढला म्हणले का न्हाई? मंग काढला. त्यात खोटं काय हाय?"

"पण..."

"पोरीकडं बघा जरा. अन् मंग बोला."

प्रतीक्षा खाली मान घालून साडीला इस्त्री करत होती. इस्त्री झालेल्या साडीवरूनच ती पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. पोरीचं भलं होत असेल तर आपल्या जिभेला एक दिवस कुलूप लावायला काय हरकत आहे, असं व्यंकटरावांनी मनाशी ठरवलं.

पाहुणे आले. संतोष, त्याचे वडील आणि आजी गोजरबाई. मधला माणूस म्हणून विश्वंभर होताच, आणि तो अशा थाटात बसला होता की जणू मंगळ यानेच उतरवून आणला. पोहे झाले, पाऊसपाणी झालं. संतोषने प्रतीक्षाकडे चोरून पाहिलं, तिनेही पाहिलं. मथुराबाईंनी पदराने उगाच कपाळ पुसलं.

गोजरबाई सरकत सरकत व्यंकटरावांजवळ आल्या. म्हातारी मोठी मायाळू होती. तिला हे स्थळ हवंच होतं. फक्त जीव एका ठिकाणी अडकला होता.

"बाबा, तुमी लई तकलीफ घेतली लेकरासाठी. एकच सांगा. काढला, ते बरं झालं. पण पुन्हा तर येणार न्हाई ना तो?"

बस, 'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत मंगळाबद्दल इतक्या आस्थेने व्यंकटरावांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"येतो की, आजी! न यायला काय झालं? दर दोन वर्षांनी जवळ येतो. आता तर दुर्बिणीत असा लालबुंद दिसून राहिला. थांबा, दाखवतोच तुमाला!"

आणि त्यांनी फोन म्हातारीपुढे धरला.

गोजरबाईंनी पटकन पदर डोळ्यांवर ओढला. संतोषच्या वडिलांनी आधी फोनकडे पाहिलं, मग विश्वंभरकडे. "म्हंजी फोटो काढला व्हय?" विश्वंभर चपला शोधायला अंगणात गेला. संतोषने फोन बघायला मान पुढे केली होती, पण वडील उठले तसा तोही उठला. उंबऱ्यात त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग गाडीचा आवाज आला आणि तो लांब गेला.

मथुराबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. व्यंकटराव गच्चीवर जाऊन बसले. दिवस मावळला होता. आपल्या हौसेपायी पोरीचा संसार आपणच मोडला, या विचाराने त्यांना रडू आवरेना.

पायऱ्या वाजल्या. प्रतीक्षा वर आली. अंगावर तीच साडी होती.

"दादा, दाखवा."

"काय?"

"मंगळ. मी पाहिलाच न्हाई अजून."

त्यांनी भीत भीत फोन दिला. काळ्याभोर पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस गोळा. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"एवढाच?"

"एवढाच."

"अन् ही टोकाला पांढरी टिकली?"

"बर्फ हाय, माय. लई थंडी ऱ्हाते तिथं."

"थंडी?" प्रतीक्षाला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच डोळेही भरले. "मला वाटायचं, लई तापट असंल."

व्यंकटरावांना राहवेना. "चुकलं माझं, पोरी. न्हाई म्हणायला पाह्यजे होतं. एका शब्दाचं तर काम होतं."

"काहून म्हणायचं? तुमी न्हाई म्हणले असते, तर तो पुन्हा येईल म्हणून मी त्या घरात जल्मभर भेत राहिले असते." तिने बोटांनी डोळे पुसले. "पाठवा मला हा फोटो. झ्याक आलाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या फोटोला घरात कुणी झ्याक म्हटलं नव्हतं. त्यांनी तो पाठवला. प्रतीक्षा थोडा वेळ फोनवर काहीतरी करत बसली. मग खालून आईच्या हुंदक्याचा आवाज आला, तशी ती उठली आणि आईची समजूत घालायला पायऱ्या उतरून गेली.

फोटो पोचला की नाही ते बघायला व्यंकटरावांनी फोन उघडला. पाहुण्यांना पाठवायला म्हणून स्टुडिओत काढलेला, पैठणीतला तिचा फोटो नावाशेजारून गेला होता. तिथे तो तांबूस दाणा होता. 'प्रतीक्षा' या नावाला लागून मंगळ, तिने स्वतःच्या हाताने लावलेला.